खोट नसलेल्या वस्तू

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तारीख उजव्या कोपऱ्यात आणि पहिल्या दोन ओळींत प्रकृतीची चौकशी, असं कॉन्व्हेंटात मदरनी शिकवलं होतं ते अजून हातातून जात नाही. तेव्हा आधी तुझा गुडघा कसा आहे ते सांग. तेल खरंच लावतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. भूक लागते, झोप लागते, आणि सकाळी उठल्यावर आज काय करायचं हे मला माहीत असतं. हे शेवटचं बऱ्याच वर्षांनी.

मी आपल्या शाळेतल्या पेन्सिलकडे हवापालटाला आले आहे हे यांच्याकडून तुला कळलंच असेल. गावातल्या गावात कसला आलाय हवापालट, असं तू म्हणशील. म्हण. आपली पेन्सिल आता नावापुरतीच पेन्सिल उरली आहे. शाळेत दोन वेण्यांच्या मध्ये नुसती मान दिसायची, आता हसली की खुर्चीसुद्धा तिच्याबरोबर हसते. तुझी आठवण काढते. मॉनिटर असताना तू तिला बाकावर उभं केलं होतंस ते ती विसरलेली नाही.

तुला इथल्या दुकानाबद्दल लिहायचं आहे. तू मागे आली होतीस तेव्हा मी तुला ते बाहेरून दाखवलं होतं, तू आत यायला तयार नव्हतीस. किल्ल्या करून देणाऱ्याच्या पुढे, दवाखान्याच्या अलीकडे. खरं तर दोन दुकानं आहेत, एकीचीच. डावीकडे घरसजावटीचं आणि उजवीकडे बायकांच्या कपड्यांचं बुटीक. मधली भिंत फोडून दार केलंय. त्या दाराला कसला पडदा शोभेल हे मालकिणीचं अजून ठरत नाही, म्हणून ते उघडंच असतं. त्यामुळे उशांचे अभ्रे बघता बघता माणूस कधी कोटांमध्ये शिरतो ते कळत नाही. मालकीण चाळिशीची आहे. तोंडात टाचण्या धरून बोलते, म्हणून तिचे सगळे शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून बाहेर पडतात. मला काकू म्हणते.

मी हल्ली रोज तिथे जाते आणि तास तास बघत बसते. गंमत अशी की कपड्यांच्या दुकानात मला घर सुचतं आणि घराच्या दुकानात कपडे. परवा एक कोट पाहिला. बाहेरून मोहरीच्या रंगाचा, अगदी साधा, आणि आत अस्तर मोरपंखी. बाहेरच्याला ते अस्तर दिसायचंसुद्धा नाही, घालणारीलाच ठाऊक. तो कोट डोक्यात घेऊन मी खोलीवर आले आणि भिंतीतलं फडताळ बाहेरून मोहरी रंगवलं, आतून मोरपंखी. आता कप काढायला दार उघडलं की वाऱ्याने कोणाच्या तरी कोटाची बाजू उलटल्यासारखी वाटते. कप एकच आहे, म्हणजे दार उघडायचं तसं कारण कमीच. मी उगीच उघडते.

आणि उलटंही झालं. घराच्या दुकानात एक मातीची उभी सुरई आहे, पांढऱ्यावर काळे फराटे, जणू कोणी ब्रश पुसायला म्हणून ओढले असावेत. ते पाहून मी माझ्या जुन्या राखाडी स्कर्टला दोन्ही अंगांनी काळी फीत उभी लावली. पेन्सिल म्हणाली, उंच दिसतेस. मी म्हटलं, उंच नाही गं, सरळ उभी आहे एवढंच.

शिवणाच्या सिस्टर आठवतात का तुला? भरतकाम दाखवायला नेलं की त्या आधी कापड उलटं करायच्या. पुढून काय, सगळ्यांचंच चांगलं असतं, म्हणायच्या. तुझी मागची बाजू पुढच्याइतकीच नीट. माझ्या मागे नुसतं जाळं. शिवणाच्या तासाला आपले दोन्ही वर्ग एकत्र बसायचे. एकदा सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं होतं, बेबी, तुझ्या फुलांच्या मागे कोळी राहतो का? सगळ्या हसल्या, तूही हसलीस. पण तेव्हापासून माझ्या हाताला जी सवय लागली ती लागली. बशी असो, शाल असो, मी वस्तू उलटी करून बघितल्याशिवाय घेत नाही. शिवण, कड, बूड, सगळं. हे तुला का सांगते आहे ते पुढे कधीतरी.

खोलीला एक खिडकी आहे. खिडकीशी मी एक खुर्ची ठेवली आहे, वेताची, पाठ जरा कलती. दुपारी ऊन तिच्या पाठीवर येऊन बसतं आणि मला जागा उरत नाही.

आठ दिवसांसाठी म्हणून निघाले होते, अजून थोडे दिवस राहीन म्हणते. यांना मी वेगळं कळवीन, तू मुद्दाम काही बोलू नकोस. त्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरून ठेवून आले आहे, तेव्हा तशी काळजी नाही.

हो, आणि मी एक पिवळी उशी घेतली. तुला हसू येईल. पण आज तिला नववा दिवस आहे, आणि अजून तिला काही झालेलं नाही.

तुझी,
बेबी

•

ता. २ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पेन्सिलला फोन केलास, तिने किती वेळ तग धरला हेही तिने सांगितलं. खोटं बोलायला लागली की तिला शिंका येतात हे तू शाळेपासून ओळखून आहेस. तिसऱ्या शिंकेला तू सगळं काढून घेतलंस.

तर हो. पेन्सिलकडे मी चारच दिवस होते. मागच्या पत्रात लिहिली ती खोली दुकानाच्या वरची आहे आणि ती मी भाड्याने घेतली आहे. आधी तिथे कापडाचे तागे ठेवायचे, अजून कोऱ्या कापडाचा वास येतो. शाळेच्या ऑफिसात बत्तीस वर्षं टाइपरायटर बडवला त्याची पेन्शन मला पुरते, तेव्हा ती चिंता तू करू नकोस. लेकीलाही कळवलंय. ती फोनवर एवढंच म्हणाली, आई, बसायला खुर्ची आहे का गं तुला? मी म्हटलं, आहे. बरं, म्हणाली.

तू विचारतेस, यांनी हात उचलला का, दुसरी कोणी आहे का, पिऊन येतात का. यातलं काहीही नाही, आणि असं कोणी म्हणालं तर मीच त्याच्याशी भांडेन. मग एकसष्टाव्या वर्षी भरलं घर सोडून जायला झालं तरी काय, असं तू लिहितेस, खाली दोन रेघा मारून. सांगते. पूर्ण होईपर्यंत चष्मा काढू नकोस.

मला वस्तू आवडायच्या, ताई. फार नाही, वर्षाकाठी चार-पाच. एक निळा वाडगा, कधी अभ्रे, कधी एखादा कोट. घरी आणून टेबलावर मांडायची, यांना दाखवायची. हे म्हणायचे, छान आहे. आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले की ती वस्तू जागेवर नसायची. अगं, त्या वाडग्याला बारीक चीर होती, उजेडात धरल्यावर दिसली. देऊन आलो परत, तुला कशाला हेलपाटा. इतक्या मायेने सांगायचे की मी वर आभार मानायची.

अभ्र्यांचा रंग सुटत होता. कोट काखेत उसवला होता. दिव्याच्या शेडची तार आतून गंजली होती. दर वेळी काहीतरी. आणि मी, जी वस्तू उलटी केल्याशिवाय घेत नाही, मी ते खरं मानलं. आधी वाटलं दुकान वाईट. दुसऱ्या दुकानात गेले, तिथेही तेच झालं. मग वाटलं डोळे गेले. दोन वेळा नंबर काढून आले. डॉक्टर म्हणाला, बाई, नंबर होता तोच आहे. म्हणजे डोळेही ठीक होते. मग उरलं काय? मीच. माझी पारखच फुटकी, असं मी स्वतःशी कबूल केलं. घरात तो विनोदच झाला होता, आठवतं? दहा वस्तूंतली एक नासकी असेल तर बेबीचा हात बरोबर तिच्यावर पडणार. हे पाहुण्यांना सांगायचे. तूही सांगायचीस. मी चहाचे कप गोळा करत हसायची.

मग मी आणणंच सोडलं. शेवटची सात वर्षं पडदे यांनी आणले, भिंतींचा रंग यांनी ठरवला, माझे कोटसुद्धा यांनी आणले. राखाडी. राखाडी मळत नाही असं ते म्हणायचे, आणि खरंच मळत नाही. दुकानात मी जायची ती बाजाराच्या वाटेवर, नुसती बघायला. मनात घर मांडायची, मनात घालून बघायची आणि भाजी घेऊन परत यायची.

जानेवारीत बटणं संपली म्हणून गेले होते. जाता जाता पिवळी उशी उचलली. उलटी केली, शिवण बघितली, सरळ होती. तरी खाली ठेवली. मालकीण बघत होती. तिने तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या. टाचण्यांशिवाय तिचं तोंड मी पहिल्यांदाच पाहिलं.

"काकू, घ्या ना. फक्त या वेळी आधी काकांना विचारा. परत घ्यायला माझी ना नव्हती कधी, पण दर वेळी तुमचं मन बदलायचं आणि ते बिचारे मान खाली घालून यायचे. मलाच कसंतरी व्हायचं."

मी म्हटलं, माझं मन कुठे बदललं? वस्तूंमध्ये खोट होती.

तिने टाचण्यांची बशी बाजूला सारली. मग हळूच म्हणाली, "काकू, खोट असलेली वस्तू परत आली तर मी ती पुन्हा मांडेन होय? एकीलासुद्धा ओरखडा नव्हता. तुमचा तो हिरवा कोट मी दर्शनी काचेत लावला आणि संध्याकाळपर्यंत गेलासुद्धा."

मी बटणं घेतली. घरी येऊन यांना जेवायला वाढलं. पुढचे दोन दिवस मी घरभर फिरून बघत होते. पडदे, कपाट, भांडी, खुंटीवरचे माझे दोन राखाडी कोट. एकीतही खोट नव्हती आणि एकही माझी नव्हती. तिसऱ्या दिवशी यांना म्हटलं, पेन्सिलकडे जाऊन येते. जा की, म्हणाले.

मी रागाने निघाले असं समजू नकोस. राग असता तर मी चार भांडी आपटून मोकळी झाले असते. वस्तू गेल्या त्याचंही आता काही नाही. पण जे मी माझ्या डोळ्यांनी नीट बघितलं होतं, बोट फिरवून बघितलं होतं, ते तसं नाहीच असं या माणसाने मला पटवलं. गोड बोलून, वीस वर्षं. शेवटी शेवटी मला भाजी निवडतानासुद्धा वाटायचं, ही आपण घेतली म्हणजे आत किडकी निघणार. एवढं झाल्यावर त्या घरात बसून मी यांना काय विचारू? आणि त्यांनी काही सांगितलं तर ते खरं की खोटं हे कशावरून ओळखू?

आता इथलं सांगते. मालकिणीने आठवड्यातले तीन दिवस काच मांडायचं काम मला दिलं आहे. मी मागितलं नव्हतं. एकदा तिची काच बघून मी म्हटलं, सगळं कसं पाहुणे यायच्या आधीच्या घरासारखं दिसतंय, माणूस राहतो असं वाटत नाही. तर म्हणाली, मग तुम्हीच मांडा. मी दुकानातलीच एक वेताची खुर्ची ठेवली, तिच्या पाठीवर तो मोहरी कोट टाकला, बाहेरून आल्या आल्या आपण टाकतो तसा, एक बाही लोंबती. शेजारी दिवा, खाली एकच बूट आडवा. दुसऱ्या दिवशी एक बाई आत येऊन म्हणाली, कोट नको, खुर्ची नको, मला तो कोपरा द्या. मालकीण टाचण्या तोंडात धरून हसली, मला भीती वाटली गिळेल.

तू लिहिलंस की महिनाअखेरीला यांना घेऊन येशील आणि दोघं मिळून मला घरी न्याल, तोवर मी बॅग भरून ठेवावी. मालकिणीलाही महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं आहे, खोली वर्षभरासाठी ठेवते की सोडते. ठेवली नाही तर पुन्हा तागे येतील. म्हणजे तुम्हा दोघींना एकाच दिवशी माझ्याकडून काहीतरी हवं आहे. माझ्या आयुष्यात असं यापूर्वी झालं नव्हतं.

मला तुझ्याकडून एकच हवं आहे. तुझी आणि यांची जवळीक मला माहीत आहे, तुम्ही दोघं एका विचाराची माणसं. खरं सांग. तुला हे माहीत होतं?

उत्तराची वाट बघते,
बेबी

•

ता. २१ मार्च

ताई,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून मोत्याच्या दाण्यासारखं आहे, मदर असत्या तर वर्गात दाखवलं असतं. "माहीत होतं. त्यात एवढं काय? तुझी आणायची हौस भागत होती आणि घरही नीटनेटकं राहत होतं. कोणाचं काही बिघडलं नाही."

मी ते वाचून जिन्यात बसले. कोणत्या पायरीवर होते ते आठवत नाही. मला आठवत होता तो डोळ्यांचा दवाखाना. दुसऱ्या वेळी तूच मला घेऊन गेली होतीस. मी आत अक्षरं वाचत होते तेव्हा तू बाहेर बाकावर माझी पर्स मांडीवर घेऊन बसली होतीस. मी बाहेर येऊन म्हटलं, डोळे ठीक आहेत म्हणतात. तू म्हणालीस, बरं झालं बाई, जीव भांड्यात पडला. तेव्हाही तुला माहीत होतं ना? त्या बाकावर बसल्या बसल्या तू एक वाक्य बोलली असतीस तर माझी सात वर्षं राखाडी गेली नसती.

एवढंच लिहिते. याहून जास्त लिहिलं तर मी तुला दुखवायला म्हणून लिहीन, आणि ते मला जमत नाही, जमायलाही नको.

हे येऊन गेले. तुझी वाट बघत थांबले नाहीत, गुरुवारी दुपारी एकटेच आले. मालकिणीने खालून हाक मारली, काकू, काका आलेत. हाक नेहमीसारखीच, पण मागोमाग तीही दोन पायऱ्या चढून उभी राहिल्याचं मला ऐकू आलं. मी म्हटलं, येऊ दे. हे धापा टाकत वर आले. हातात पिशवी. पिशवीत माझा लोकरी स्कार्फ आणि घरी राहिलेला दुसरा चष्मा. स्कार्फची घडी अशी घातली होती की मला माहीत आहे, ती त्यांनी तीन-चार वेळा मोडून पुन्हा घातली असणार.

खुर्चीवर त्यांना बसवलं, मी पलंगावर बसले. चहा त्यांना कपात दिला, मी पेल्यातून घेतला. बराच वेळ खोली बघत होते. पिवळी उशी, फडताळ, खिडकीला मी लावलेला विटकरी पडदा. उठून दिव्यापाशी गेले. शेड मी इथेच शिवली आहे, दुकानातल्या एका झग्याच्या चुण्या बघून सुचली. त्यांनी ती बोटाने फिरवली. सवयीने असेल, किंवा बोलायला दुसरं काही सापडेना म्हणून असेल.

"इथे शिवण तिरकी गेली आहे."

"गेली आहे. मीच घातली आहे."

ते पुन्हा येऊन बसले. ताई, मी त्यांना इतकी वर्षं ओळखते पण त्यांचा तसा चेहरा पाहिला नव्हता. कपाकडे बघत म्हणाले, तू काही नवीन आणलंस की मला वाटायचं, मी दिलेलं तुला पुरत नाही. तसं तोंडाने म्हणायला लाज वाटायची. एकदा परत केलं, तू काही बोलली नाहीस, मग सोपं झालं.

खोटं कशाला सांगू? हा माणूस वीस वर्षं माझ्या वाडग्यांना आणि अभ्र्यांना घाबरत होता, आणि शेजारी झोपून मला ते कळलं नाही. मला उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. मी उठले नाही.

"मग तेवढंच म्हणायचं होतं," मी म्हटलं. "माझे डोळे का खोटे पाडलेत?"

त्यांनी कप खाली ठेवला. उत्तर म्हणून काही बनवून सांगितलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

थोड्या वेळाने म्हणाले, चल, घरी जाऊ. तुला हवा तो रंग लाव भिंतींना. मी म्हटलं, तुम्ही लावू द्याल म्हणून लावायचा, तर तोही रंग तुमचाच. मग त्यांनी विचारलं, लोकांना काय सांगू? शेजारी विचारतात, तुझी ताई विचारते.

"दुकानात सांगायचात तेच सांगा. बायकोचं मन बदललं. या वेळी ते खरं आहे."

ते जायला निघाले. जिन्याच्या कठड्यावरून त्यांचा हात सरकत खाली जाताना ऐकू येत होता. चौतीस वर्षांची सवय, आता हाक मारते की काय असं वाटलं. ते रस्त्याला लागेपर्यंत मी खिडकीपाशी गेलेच नाही. गोळ्या घेता का, हे विचारायचं राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. घेतात. डबी आता स्वतः भरतात. शनिवारची गोळी शुक्रवारात पडली होती, दोघांनाही हसू आलं. मग फोन ठेवला. तुला यातून काही आशा वाटत असेल तर वाटू दे, पण माझ्या नावावर खपवू नकोस. त्यांना म्हटलं आहे, यायचं तेव्हा कळवून या, मी चहा करीन.

त्याच सकाळी खाली जाऊन मालकिणीला सांगितलं, खोली वर्षभरासाठी ठेवते. तोंडात टाचण्या असल्याने ती नुसती मान हलवून कामाला लागली. पाच मिनिटांनी टाचण्या काढून म्हणाली, काकू, बरं केलंत, त्या ताग्यांना मी आधीच दुसरीकडे जागाही केली होती. म्हणजे तिला माझं उत्तर माझ्याआधी माहीत होतं.

आता तुझ्याबद्दल.

महिनाअखेरीला मला न्यायला येऊ नकोस. न्यायला म्हणून आलीस तर दार उघडीन, पाणी देईन आणि तशीच पाठवीन. बघायला म्हणून येणार असलीस तर कधीही ये. जिना चढायला तुझ्या गुडघ्याला त्रास होईल, मधल्या वळणावर मी स्टूल ठेवीन. पलंग तुझा, मी खाली झोपेन. खोली तुला आवडणार नाही, हे मला आत्ताच दिसतं. पडदा भडक वाटेल, फडताळ पोरकट वाटेल, आणि मी काचेत उभी राहून बाहुल्यांना कपडे घालते हे बघून तर तू तोंडाला रुमाल लावशील. लाव. पण वयाला शोभतं का हे मला सांगू नकोस. ते मी कोणाला विचारलेलं नाही. काल मी लाल कोट घेतला. लाल म्हणजे लालच, मरून नाही. तो घालून किल्लीवाल्यापासून दवाखान्यापर्यंत दोनदा चालून आले, काम काही नव्हतं.

मी तुझ्यावर रागावले आहे. हा राग बराच काळ पुरेल असं दिसतं. लहानपणी तुझ्यावर रागावायची सोय नव्हती, तू मोठी होतीस, हुशार होतीस आणि माझी मागची बाजूही तूच आवरून द्यायचीस. त्यामुळे मला ते नीट येत नाही, अजून हात बसतो आहे. पण रागावलं तरी पत्र लिहिता येतं, हे आज कळलं, म्हणून चार पानं लिहिली.

पाकिटाच्या मागे माझा पत्ता लिहिला आहे. तू इतकी वर्षं मला पत्रं लिहिलीस, आणि पाकिटावर मी दुसऱ्या कोणाच्या तरी नावाखालीच असायचे. आधी बाबांच्या, मग यांच्या, गेले दोन महिने पेन्सिलच्या. या वेळी वर माझं नाव लिही, पूर्ण, तुझ्या त्या सुंदर अक्षरात, आणि त्याखाली कोणाचं नाव लिहू नकोस. पोस्टमनला मी सांगून ठेवलं आहे. इथे त्या नावाची एकच बाई राहते.

आतल्या कागदावर मात्र बेबीच म्हण. ते म्हणणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

तुझ्यावर रागावलेली आणि तरी तुझीच,
बेबी